चौडम्माचा पाला

चौथा ताप उतरून पाचवा दिवस होता. होन्नेगौड आजूबाजूच्या तीन गावांतून सायकल फिरवून परत आला, तेव्हा मागे बांधलेल्या दोन्ही टोपल्या रिकाम्या होत्या.

रेशमाच्या अळीने कात टाकायची वेळ आली की कग्गलकोप्पल गावात तिला ताप आला म्हणतात. तापात ती खात नाही, डोकं उचलून दीड दिवस तशीच बसते. असे चार ताप झाले की मग जन्माचं खाऊन घेते. आठ दिवस तिचं तोंड थांबत नाही. नंतर ती पिकते, अंग मधासारखं पिवळं होतं आणि कोष विणायला जागा शोधते. या आठ दिवसांत तुतीचा पाला कमी पडला तर आधीच्या तीन आठवड्यांची मेहनत मातीत जाते. १९७४ सालची उगादी होऊन महिना उलटला होता. अश्विनी नक्षत्र कोरडं गेलं होतं, भरणी लागली होती. विहिरीचा तळ दिसत होता आणि होन्नेगौडाच्या मळ्यातली तुती कडेने करपत आत चालली होती.

सुंद्रम्मा दारात उभी होती. तिला सातवा महिना होता. कमरेवर हात ठेवून तिने टोपल्यांकडे पाहिलं.

"कुठेच नाही?"

"मल्लिगेरेच्या पटेलांकडे होता."

"मग?"

"म्हैस खात होती." होन्नेगौडाने सायकल भिंतीला टेकवली. "पटेल म्हणाले, पाला कुठला बाबा, सगळा करपला. मी उभा, ते उभे, आणि मध्ये म्हैस कान हलवत पाला खाते आहे. मी म्हटलं, बरं, येतो. दुसरं काय म्हणणार?"

"म्हशीला नमस्कार करून यायचं होतं."

"केला मनातल्या मनात."

तो हसला नाही. उंबऱ्याबाहेर चुन्याच्या पाण्याची परात होती. तिच्यात त्याने पाय बुडवले, हात धुतले आणि आत गेला. घरात माणसांना जागा नव्हती. भिंतीलगत बांबूच्या मांडण्या आणि त्यांवर चार हात घेराच्या चाळीस परड्या. महिनाभर नवराबायको ओसरीवर निजत होते. आत अळ्या खात होत्या. हजारो तोंडं एकदम चालली की सुक्या वाळूवर बारीक खडे ओतत राहावेत तसा आवाज येतो. तो आवाज पातळ व्हायला लागला की पाला संपत आला असं समजायचं.

अगदी तसाच आवाज भिंतीच्या पलीकडूनही येत होता.

ती भिंत दीड वर्षापूर्वी उभी राहिली. पलीकडे होन्नेगौडाची वहिनी, थोरल्या भावाची विधवा, चौडम्मा राहायची. सुंद्रम्मा लग्न होऊन आली ती कोरडवाहू गावातून. तिच्या माहेरी कुणी अळी पाहिलेली नव्हती. अळ्या तापात असताना घरात फोडणी द्यायची नाही, मिरची-लसणाचा धूर अळीला सोसत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा तिचं लक्ष नव्हतं. तिने नवऱ्यासाठी हौसेने कुळथाच्या सारूला चरचरीत फोडणी दिली. त्या वेळचं निम्मं पीक गेलं. चौडम्मा गल्लीतल्या बायकांसमोर म्हणाली, "नाकात लसूण घातल्याशिवाय हिला घास उतरत नाही." सुंद्रम्मानेही ऐकवलं, "घर माझंपण आहे." दोन्ही वाक्यं तशी लहान होती, पण परत घेता येण्यासारखी नव्हती. तीन महिन्यांत पंच बसले. तुतीच्या मळ्यातले तीन वाटे होन्नेगौडाला आणि एक चौडम्माला, तिच्या हयातीपुरता. घराचा कौलारू भाग होन्नेगौडाकडे आला. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली मागची पडवी आणि तिला जोडलेली खोली चौडम्माने स्वतःच मागून घेतली. मधली भिंत होन्नेगौडाने मातीची घातली आणि वरचं हातभर अंतर उघडं ठेवलं. हवेसाठी, असं त्याने सांगितलं.

त्या उघड्या जागेतून दोन्ही घरांना एकमेकांचं सगळं ऐकू यायचं.

संध्याकाळी सुंद्रम्मा म्हणाली, "रविवारी माझा अण्णा येतोय. त्याच्या मिलमधली तुझ्यासाठीची जागा फार दिवस धरून ठेवणार नाहीत म्हणाला. हो की नाही, ते त्या दिवशी सांगायला लागेल."

होन्नेगौड पाला चिरत होता. विळ्यावरचा त्याचा हात थांबला नाही.

"पीक आलं तर विहीर खोल करू आणि राहू," तो म्हणाला. "नाही आलं तर जाऊ."

"तुला जायचंय का?"

"मला विचारू नकोस. अळ्यांना विचार."

"आणि मळा?"

"मळ्याला काय, कुणीतरी नाचणी पेरेल."

पलीकडे चौडम्मा परड्यांवर पाला पसरत होती. तिचा हात मात्र थांबला.

ती या घरात सोळाव्या वर्षी आली, तेव्हा होन्नेगौड दोन वर्षांचा होता. तो दहा वर्षांचा असताना विहिरीची दरड कोसळून थोरला भाऊ, सिद्देगौड, गेला. सासू त्याआधीच गेलेली. तेराव्यानंतर चौडम्माचे भाऊ गाडी घेऊन तिला न्यायला आले. तिला मूल नव्हतं, वय चोवीस, आणि पुन्हा लग्न लावून द्यायचं भावांनी ठरवूनही टाकलं होतं. गाडीत ट्रंक चढली. बैल जुंपायला गेले तर जुवावर होन्ना बसलेला. शिव्या झाल्या, एक थप्पडही झाली. तो रडला नाही, काही बोललाही नाही, नुसता बसून राहिला. शेवटी चौडम्मा म्हणाली, "ट्रंक उतरवा." माहेरी जाऊन दुसऱ्याच्या घरात परकी होऊन राहण्यापेक्षा इथे आपल्याला कुणीतरी धरून ठेवलं, एवढं तिला पुरलं. त्या गोष्टीचा उच्चार दोघांनी पुढे कधी केला नाही.

गुरुवारी सकाळी ती पाल्याची टोपली डोक्यावर घेऊन पुढच्या दाराशी आली. उंबऱ्याबाहेरच थांबली.

"होन्ना, ही घे."

"नको, अत्तिगे. तुझ्या अळ्यांना लागेल." वहिनीला तो अत्तिगे म्हणायचा.

"माझ्या मळ्यात आहे थोडा. तळ्याच्या बांधाखाली आहे ना, ओल धरतो."

"तुझ्या पंधरा परड्या आहेत. त्यांना पुरून किती उरतो ते मला दिसतं. दोन टोपल्या उरेल. दोन टोपल्यांनी माझं काय होणार?"

"एक वेळ भागेल."

"एक वेळ भागवून काय करू? आणि तू या वर्षी कौलं घालणार आहेस ना? रोहिणीच्या आधी घालणार म्हणून गावभर सांगितलंस. गेल्या पावसात अंथरूण घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात फिरत होतीस. घाल कौलं. माझं बघतो मी."

"बघतोस ते दिसलं काल. म्हशीचं तोंड बघून आलास."

आतून सुंद्रम्माला हसू आलं. ते तिने पदरात दाबलं. होन्नेगौड मात्र हसला नाही. त्याने टोपली उचलली, बाहेर येऊन पुन्हा वहिनीच्या डोक्यावर ठेवली, चुंबळ नीट केली आणि म्हणाला, "जा. ऊन व्हायच्या आत घाल अळ्यांना. पाला सुकेल."

चौडम्मा घरी न जाता मळ्यात गेली. बांधाखालच्या तुकड्यात उभी राहून तिने ओळींवरून नजर फिरवली. सव्वीस वर्षांत तिने पाला कधी तराजूत घातला नव्हता. झाडाला हात लावला की किती निघेल ते तिला कळायचं. उन्हाळाभर तिने विहिरीच्या तळाचं पाणी घागरीने आणून इथे घातलं होतं. डाव्या खांद्याला अजून गाठ होती. पाला दाट होता. होन्नाच्या चाळीस परड्यांना अडीच दिवस पुरला असता. त्याच्याकडचा करपलेला, वेचून काढलेला धरला तर तीन दिवस. तीन दिवसांत अळ्या पिकल्या असत्या. फक्त तिच्या पंधरा परड्या मध्ये होत्या.

टोपलीतला पाला तिने आपल्या अळ्यांना घातला. खाऊन होईपर्यंत ती परड्यांसमोर गुडघे जवळ घेऊन बसली. नेहमीपेक्षा जास्त घातला होता. देठसुद्धा उरले नाहीत.

मग तिने परड्या एकेक करून मागच्या दाराने नेल्या. घरामागे खताचा खड्डा होता. नियम असा की टाकायच्या अळ्या खड्ड्यात टाकून वर चुना ओतायचा, त्यावर माती. चुन्याचं पोतं तिने ओढत आणलं, तोंडही सोडलं. पहिली परडी तिरकी केली. अळ्या बोटाएवढ्या झाल्या होत्या, गार, जड, मऊ. तळहाताला त्यांचे बारीक पाय चिकटत होते. एकीलाही डाग नव्हता. असं पीक तिला चार वर्षांत आलं नव्हतं.

चुना तिच्याने ओतवला नाही. खड्ड्याच्या कडेला छाटलेल्या तुतीच्या वाळक्या काटक्यांचा ढीग होता, त्यावर जुन्या झावळ्या. पंधराच्या पंधरा परड्या तिने त्या काटक्यांवर हलक्या हाताने झटकल्या, झावळ्या ओढून घेतल्या आणि पोत्याचं तोंड बांधून मागे न बघता घरात आली. परड्या उन्हात पालथ्या घातल्या. हात तीन वेळा धुतले.

ऊन डोक्यावर यायच्या आत ती पुन्हा पुढच्या दाराशी उभी होती. या वेळी उंबऱ्यापासून चार हात लांब.

"होन्ना, माझ्या अळ्या गेल्या."

तो धावत बाहेर आला. "गेल्या म्हणजे?"

"दुधी रोग. अंगं फुगली, दूध गळायला लागलं. सकाळी दोन परड्यांत होतं, आता सगळ्यांत. टाकल्या."

"सगळ्या?"

"ठेवून काय करू? तुझ्याकडे आला म्हणजे? पाला उभा आहे. माझ्या काय कामाचा? तोडून ने."

होन्नेगौड तिच्याकडे दोन पावलं पुढे झाला. मागून सुंद्रम्मा आली. रोगाचं नाव ऐकताच तिने नवऱ्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि चुन्याची मूठ भरून उंबऱ्याबाहेर जाडजूड रेघ ओढली.

"अक्का, रागावू नका," ती म्हणाली. "पण चार दिवस इकडे येऊ नका. तुमच्या हाताला, लुगड्याला, कशालाही असेल."

"बरोबर आहे," चौडम्मा म्हणाली. "रेघ अजून जाड ओढ. आणि पाला होन्नानेच तोडावा, मी हात लावत नाही."

तीन दिवस होन्नेगौडाच्या घरात माणसं यंत्रासारखी चालली. पहाटे दव असेपर्यंत पाला तोडायचा, ओल्या गोणपाटाखाली झाकून आणायचा. दिवसातून पाच वेळा घालायचा, खालची विष्ठा आणि देठ काढायचे, परड्या विरळ करायच्या. सुंद्रम्माचे पाय सुजले. ती पाटावर बसून देठ वेचायची आणि उठताना मांडणीचा बांबू धरून आधी श्वास घ्यायची. दोघं जेवायची ती नाचणीच्या उकडीचे थंड गोळे, मुद्दे, आणि मिठातलं सारू, फोडणीशिवाय. बांधाखालचा पाला जाड आणि रसाळ होता. शुक्रवारी दुपारपर्यंत अळ्यांचा आवाज पुन्हा भरला.

पलीकडे आवाज नव्हता. पहिल्या संध्याकाळी सुंद्रम्माच्या कानाला ते चमत्कारिक लागलं. दीड वर्ष त्या भिंतीतून येणाऱ्या आवाजावरच ती शिकली होती. पलीकडे विळा चालला की आपण पाला चिरायचा, पलीकडे परड्या खडखडल्या की आपण साफ करायच्या. विचारायची लाज वाटायची, ऐकायची नाही. आता तिथून फक्त एकदा तांब्या ठेवल्याचा आवाज आला.

नळकोंडाळ्यावर मंचम्मा भेटली. शेजारची, तोंडाने फटकळ.

"तुझ्या जावेच्या अळ्या गेल्या म्हणे."

"दुधी रोग."

"सकाळी सुरू आणि दुपारी सगळ्या खलास?" मंचम्माने घागर विसळली. "दुधी रोग माझ्याकडे दोनदा आला. आज दहा, उद्या पन्नास, आठ दिवस रडवतो मेला. चौडम्माकडे आला तोसुद्धा तिच्यासारखाच निघाला. एकदा ठरवलं की झालं."

"तुम्हाला सगळ्यात चेष्टा."

"चेष्टा नाही गं. मी म्हणते, आता घरात घेऊ नकोस तिला. पण यंदा तुझ्याकडे पिकलेल्या वेचायला कोण? गावात तिच्या नजरेची बाई नाही. माझ्या अळ्या ती वेचते म्हणून माझा एक कोष वाया जात नाही."

सुंद्रम्माला घागर कमरेवर घेता येत नव्हती, म्हणून अर्धी भरून डोक्यावर घेतली.

शनिवारी संध्याकाळी चौडम्माच्या तुकड्यात पान राहिलं नाही. रविवारी सकाळी होन्नेगौडाने एका परडीतली अळी उचलून उजेडात धरली. ती खात नव्हती. मान इकडून तिकडे हलवत होती आणि अंगातून उजेड आरपार दिसत होता.

"सुंद्री," तो म्हणाला. "पिकल्या."

अळ्या पिकल्या की गल्लीने कामं टाकून यायचं असतं. त्यासाठी निरोप लागत नाही. तासाभरात नऊ बायका चुन्याच्या पाण्यात पाय बुडवून आत आल्या. पिकलेली अळी तेवढी वेचायची, ताटलीत घ्यायची आणि चंद्रिकेवर सोडायची. चंद्रिका म्हणजे बांबूच्या पट्टीची गोल वेटोळी बसवलेली मोठी चटई. तिच्या घरांत अळी कोष विणते. कच्ची अळी सोडली तर ती उपाशी मरते, आणि जास्त पिकलेली परडीतच विणायला बसते. बायका वाकून बघत होत्या, वाद घालत होत्या.

"ही पिकलीय."

"कुठे पिकलीय? शेपटीकडे हिरवी आहे."

"तुझे डोळे हिरवे आहेत."

"चौडम्मा असती तर भांडायला लागलं नसतं," मंचम्मा म्हणाली. "हळू बोला, पलीकडे ऐकू जातं."

पलीकडे चौडम्मा भिंतीला पाठ लावून बसली होती. दार ओढलेलं होतं. पदर बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

होन्नेगौड चंद्रिका उन्हात मांडून झटकत होता, म्हणून परड्यांखालचा कचरा टाकायला सुंद्रम्मा स्वतः टोपली घेऊन मागे गेली. तिच्या बाजूचा खड्डा भरला होता. ती चार पावलं पुढे, चौडम्माच्या खड्ड्याकडे गेली. रोगाच्या अळ्या तिथे टाकलेल्या, म्हणून नाकाला पदर लावला. चुन्याची पांढरी साय दिसेल असं तिला वाटलं होतं. चुना नव्हता. दोन कावळे झावळीवर बसले होते. ते उडाले तशी झावळी घसरली.

खालच्या काटक्यांना पिवळं काहीतरी लागलं होतं. आधी तिला तुरीची फुलं वाटली.

ती वाकली. वाकता येईना, म्हणून मांडी फाकवून खाली बसली. कोष होते. लहान, नेहमीच्या निम्मे, काही पातळ, पण पुरे विणलेले. कावळ्यांनी आणि कोंबड्यांनी बऱ्याच अळ्या खाल्ल्या होत्या, बऱ्याच सुकून काळ्या पडल्या होत्या. ज्या काटक्यांच्या पोटात शिरल्या होत्या, त्यांनी उपाशीपोटी, अंगात होतं तेवढ्यावर कोष केले होते. एक अजून विणत होती. पातळ पडद्यातून तिचं डोकं हलताना दिसत होतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत आणि परत.

दुधी रोग झालेली अळी एक धागा काढत नाही. एवढं आता सुंद्रम्माला कळत होतं.

ती मग हात घालून कोष सोडवायला लागली. काटक्यांनी बोटं खरचटली. ओटीच्या पदरात ती ते टाकत गेली. विणणारी मात्र तिने तशीच राहू दिली.

मागच्या दारावर तिने थाप मारली.

"अक्का, अळ्या पिकल्यात. या."

"मी कशी येऊ?" आतून आवाज आला. "माझ्या हाताला..."

"दार उघडा."

दार उघडलं. सुंद्रम्माने पदर पसरला. पिवळे कोष, त्यात काड्या, माती, एक कोंबडीचं पीस. चौडम्माने पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली.

"चुना ओतायला हवा होता," ती म्हणाली. "जमलं नाही."

"कौलं घालायची होती ना तुम्हाला?"

"पडवी गेल्या वर्षी गळली, आणखी एक वर्ष गळेल."

"मी तुमच्या तोंडावर रेघ ओढली, अक्का."

"ओढायलाच हवी होती. रोग म्हटल्यावर रेघ ओढली नसतीस, तर मी म्हटलं असतं हिला अजून काही कळत नाही." चौडम्माने तिच्या पोटाकडे पाहिलं. "आणि उकिडवी कशाला बसलीस तिथे? उठताना चक्कर आली असती म्हणजे?"

तेव्हा सुंद्रम्मा रडली, मोठ्याने, नाक ओढत. चौडम्माने तिला रडू दिलं. मग आपल्या पदराचं टोक पुढे केलं.

"पूस. चल. त्या बायका कच्च्या अळ्या सोडत असतील. मघापासून ऐकते आहे, हिरवी म्हणजे काय तेही कुणाला कळत नाही."

पुढच्या उंबऱ्यापाशी ती थांबली. परातीत पाय बुडवले, एकदा, मग पुन्हा. चुन्याची रेघ अजून होती. सुंद्रम्माने पायाने ती पुसली. होन्नेगौड चंद्रिका खांद्यावर घेऊन वळला, तर समोर वहिनी आणि तिच्या शेजारी बायकोची पसरलेली ओटी. ओटीत काय आहे ते त्याने पाहिलं. कोष हातात घेऊन दाबून पाहिला नाही, विचारलं नाही. तो पाल्याच्या धंद्यात जन्मला होता. बांधाखालचा तो दाट पाला त्याने स्वतःच्या हाताने तीन दिवस तोडला होता.

मंचम्मा म्हणाली, "सांगितलं नव्हतं मी? आठ दिवस रडवतो तो रोग." मग सरकून तिने परडीपुढची आपली जागा रिकामी केली.

चौडम्मा बसली. पहिली अळी उचलून उजेडात धरली, ठेवून दिली. दुसरी घेतली, ताटलीत टाकली. मग तिचा हात चालायला लागला. बघणाऱ्याला वाटावं ती बघतच नाही. बायका भांडायच्या थांबल्या आणि तिच्याकडे पाहून वेचायला लागल्या.

चंद्रिका धरायचं काम असं की अळ्या सोडणाऱ्याच्या पुढ्यात, छातीच्या उंचीवर, ती तिरकी धरून उभं राहायचं. एक भरली की भिंतीला टेकवायची, दुसरी घ्यायची. माणसं आळीपाळीने धरतात, कारण हात भरून येतात. त्या दिवशी होन्नेगौडाने दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही. वहिनीपुढे तो उभा राहिला. एक भरली, दुसरी, पाचवी, नववी. घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकत होता. तो पडू नये म्हणून तो मान वळवायचा.

उन्हं कलल्यावर सुंद्रम्माचा भाऊ जवरप्पा आला. मिलचा पांढरा शर्ट, हातात केळ्यांची फणी. त्याने बाहेरूनच हाक मारली.

"भावोजी, काय ठरलं? उद्या साहेबाला सांगायचंय."

"पाय धू आणि आत ये," होन्नेगौड म्हणाला. "साहेबाला सांग, माणूस रिकामा नाही."

"विहीर खणणार?"

"खणणार. पण त्याआधी कौलं."

"तुमच्या घराला आहेत की कौलं."

"निम्म्या घराला नाहीत," होन्नेगौड म्हणाला.

चौडम्माने मान वर केली नाही. ताटलीतली अळी तिने चंद्रिकेच्या घरात सोडली. अळीने मान उचलली, इकडे तिकडे केली आणि पहिला धागा चिकटवला. पलीकडच्या खोलीत आता आवाज नव्हता, आणि या खोलीतलाही एकेक परडी करत थांबत चालला होता. अळ्या विणायला लागल्या की घर असंच शांत होतं. या वेळी ते भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखंच शांत झालं.

"हात खाली घे जरा," चौडम्मा म्हणाली. "दुखत असतील."

"दुखू दे," होन्नेगौड म्हणाला आणि चंद्रिका तिच्या हाताला सोपी पडेल अशी आणखी थोडी पुढे झुकवली.